मोलेच्या रानात दोन दिवस: पोचायचे कसे, राहायचे कुठे, फिरायचे कसे

फोंड्यात किंवा पणजीत नळ उघडला की जे पाणी येते, ते ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते. ओपाला ते खांडेपार नदीतून मिळते आणि खांडेपार भरते ती वर मोलेच्या रानातून उतरणाऱ्या दूधसागर आणि रगाडो नद्यांवर. आम्ही गोवेकर जन्मभर या रानाचे पाणी पितो. तरीही मोलेला जायचे म्हटले की बहुतेकांचा बेत अर्ध्या दिवसाचा असतो. सकाळी कुळेहून जीप, धबधब्यापुढे फोटो, दुपारी जेवायला परत किनाऱ्यावर. एवढ्या घाईत रान दिसत नाही. दिसते ती फक्त जीपची रांग.

माझा आग्रह दोन दिवस आणि एका रात्रीचा आहे. पुढचे सगळे त्याच हिशोबाने लिहिले आहे. स्वतःची गाडी नसली तरी हा बेत जमतो, फक्त वेळा सांभाळाव्या लागतात.

जायच्या आधी एवढे माहीत हवे

भगवान महावीर अभयारण्य आणि त्याच्या पोटातले मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटरचे रान आहे. १९६९ साली ते मोले शिकार अभयारण्य म्हणून घोषित झाले, महावीरांचे नाव नंतर मिळाले. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. गोव्यात राष्ट्रीय उद्यान हे एकच. पूर्वी हा भाग सांगे तालुक्यात मोडायचा, आता धारबांदोड्यात येतो.

इथे तीन ठिकाणे वेगवेगळी आहेत आणि नवख्याचा गोंधळ तिथेच होतो. मोले हे महामार्गावरचे गाव. तपासणी नाका, वनखात्याचे कार्यालय आणि निसर्ग माहिती केंद्र तिथे आहे. कुळे हे रेल्वे स्टेशनचे गाव, मोलेहून पाच-सहा किलोमीटर आत. दूधसागरची जीप कुळेहूनच सुटते, मोलेहून नाही. तांबडी सुर्ल हे महादेवाच्या जुन्या देवळाचे गाव तिसरीकडे, मोलेहून उत्तरेला साधारण तेरा किलोमीटरवर. या तिन्हींना जोडणारी नियमित बस नाही. म्हणून मुक्काम कुठे करायचा हे आधी ठरवा, बाकीचे त्याभोवती बसवा.

महिना कोणता?

धबधबा भरलेला पाहायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जीपचा हंगाम पावसाळा ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरात सुरू होतो, आणि तेव्हा दूधसागर खरोखर दुधासारखा असतो. पण गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त. मला स्वतःला डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी आवडतो. पाणी कमी झालेले असते पण आटलेले नसते, पहाटे अंगावर शाल लागते आणि पक्षी भरपूर दिसतात. फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. एप्रिल-मे मध्ये धबधब्याच्या बारीक धारा उरतात, उकाडा असतो, गोचिडीही वाढलेल्या असतात. जनावरे मात्र पाणवठ्याला येतात, त्यामुळे धीर धरून बसणाऱ्याला हे महिने वाया गेलेले वाटत नाहीत.

जून ते सप्टेंबर जीप बंद असते आणि धबधब्यांवर जायला वनखाते बंदी घालते. ही बंदी पाळाच. डोंगरमाथ्यावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो, आणि गोव्यातल्या धबधब्यांवर दरवर्षी माणसांचे जीव जातात ते बहुधा असेच. पावसाळ्यात यायचेच असेल तर मोलेत मुक्काम करा आणि रस्त्याच्या कडेने फिरा. बेडकांचे आवाज, वेलींवर गुंडाळी करून बसलेला चापडा साप, आणि नशीब असेल तर अंधारात फिकट हिरवी उजळणारी बुरशी. सडक्या लाकडावर ती उगवते. टॉर्च बंद करून दोनेक मिनिटे उभे राहिल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

पोचायचे कसे: बसने

पणजी किंवा फोंड्याहून येणाऱ्यांसाठी बस सगळ्यात सोपी. पणजीहून बेळगाव-हुबळीकडे जाणारा महामार्ग (पूर्वीचा ४ अ, आताचा ७४८) फोंडा, उसगाव-तिस्क, धारबांदोडा करत मोलेवरून अनमोड घाट चढतो. फोंड्याहून मोले तीसेक किलोमीटर. फोंडा स्टँडवर कदंबाच्या (म्हणजे गोव्याच्या एसटीच्या) आणि खाजगी बस मिळतात.

पणजीहून बेळगावची बस धरत असाल तर चढण्याआधी कंडक्टरला एकच प्रश्न विचारा: "मोलेमार्गे की चोर्लामार्गे?" बेळगावच्या बऱ्याच बस आता साखळी, केरी करून चोर्ला घाटाने जातात आणि त्या मोलेच्या आसपासही फिरकत नाहीत. पाटीवर दोन्हीकडे बेळगाव असेच लिहिलेले असते. मोलेला उतरायचे ते नाक्याजवळच्या तिठ्यावर. कुळेकडचा रस्ता तिथूनच फुटतो.

बेळगाव, खानापूर किंवा रामनगरकडून येणाऱ्यांनी अनमोड घाट दिवसाउजेडी उतरावा. अवजड ट्रक, धुके, पावसाळ्यात दरडी आणि रात्री रस्त्यावर येणारे गवे, ही चार कारणे पुरेशी आहेत. वळणावर एक गवा दिसला तर गाडी थांबवा. मागे आणखी असतात. हॉर्न वाजवू नका, दिवे मंद करा, त्यांना जाऊ द्या.

रेल्वेने

मडगाव, वास्कोहून येणाऱ्यांना रेल्वे बरी. वास्को-मडगाव-सावर्डे-कुळे असा हा फाटा दक्षिण पश्चिम रेल्वेचा आहे, कोकण रेल्वेचा नाही, हे तिकीट पाहताना लक्षात ठेवा. पॅसेंजर कुळेपर्यंत येते. वर लोंड्याकडे जाणाऱ्या काही लांब पल्ल्याच्या गाड्याही कुळेला थांबतात. वेळापत्रक आदल्या रात्री पाहून घ्या. गाड्या मोजक्या आहेत आणि एक चुकली तर दिवस जातो.

कुळे स्टेशनवर थोडा वेळ मुद्दाम काढा. पोर्तुगीज काळातली ही रेल्वे १८८८ साली कॅसलरॉकपर्यंत पोचली. कुळेच्या पुढे घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. रेल्वेसाठी ही चढण फार मोठी आहे. म्हणून वर जाणाऱ्या गाडीला कुळेत जादा इंजिने जोडतात. ती जोडाजोड प्लॅटफॉर्मवरून बघता येते, आणि मुलांना घेऊन आला असाल तर ती त्यांना जीपइतकीच लक्षात राहते.

स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने

मडगावहून कुडचडे-सावर्डेमार्गे कुळेला चाळीसेक किलोमीटर. विमानाने येणाऱ्यांना दाबोळी जवळ पडते. मोपा पेडण्यात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथून मोलेला यायला अर्धा दिवस धरा. दुचाकी भाड्याने घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतलेली नाक्यावर सापडली तर दंड आणि वेळ दोन्ही जातात. पेट्रोल फोंड्यात किंवा सावर्ड्यात भरून घ्या.

मुक्काम आणि पिशवी

मोलेत वनखात्याच्या आवारात कुटीरे आहेत. त्यांची चौकशी आधी करा, शनिवार-रविवारी ती भरलेली असतात. याशिवाय मोले आणि कुळे दोन्हीकडे घरगुती खोल्या आणि काही रिसॉर्ट आहेत. जीपसाठी कुळे सोयीचे, पक्ष्यांसाठी आणि तांबडी सुर्लसाठी मोले. मी मोले निवडतो.

रोख पैसे फोंड्यात किंवा कुडचड्यात काढून घ्या. कुळेच्या पुढे मोबाईलला रेंज मिळत नाही, तिथे फोनवरून पैसे देता येतील या भरवशावर राहू नका. पिशवीत हे असू द्या: पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, लांब मोजे, चांगली पकड असलेले बूट, स्टीलची पाण्याची बाटली, टॉर्च, कोरडे कपडे, दुर्बीण असेल तर दुर्बीण. साबण-शांपू धबधब्यावर नेऊ नका. नदीत गेलेला फेस पुढे कुठे पोचतो ते वर लिहिलेच आहे. ड्रोन घरी ठेवा.

जेवणाची चिंता नको. स्टेशनजवळ आणि तिठ्यावर सकाळी पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी मिळतात, दुपारी माशाचे हुमण-भात. रात्री मात्र हॉटेले लवकर बंद होतात. आठच्या आत जेवून घ्या, किंवा राहत्या जागी सांगून ठेवा.

पहिला दिवस: दुपारी तांबडी सुर्ल

सकाळी निघून अकरा-बाराला मोलेत पोचा, सामान टाका, निसर्ग माहिती केंद्रात अर्धा तास घालवा. वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या की सनसेट पॉइंट आणि डेव्हिल्स कॅन्यनकडचे रस्ते आज खुले आहेत का. परवाना लागतो आणि तो तिथेच मिळतो.

जेवून दोनच्या सुमारास तांबडी सुर्लला निघा. रस्ता बोळकर्णेवरून जातो. बस आहेत, पण इतक्या विरळ की त्यांच्यावर बेत ठरवू नये. मोलेहून रिक्षा किंवा गाडी जाऊन-येऊन ठरवा, आणि थांबायचा वेळही भाड्यात धरून घ्या. एकदा मी जाताना बसने गेलो, देवळात रमलो आणि परतीची बस माझ्या हातून सुटली. साकोर्ड्याच्या एका काकांनी त्यांच्या पिकअपमधून मोलेपर्यंत आणून सोडले. पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले, "देवळाकडे आलेला माणूस आमचा पाहुणा." तेव्हापासून मी परतीची गाडी आधी ठरवतो.

महादेवाचे हे देऊळ कदंब राजांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले. गोव्यात बांधकाम म्हटले की तांबडा जांभा दगड डोळ्यांसमोर येतो, आणि इथे अचानक काळाभोर बसाल्ट समोर उभा राहतो. हा दगड आसपास सापडत नाही, घाटावरून आणला असावा असे अभ्यासक मानतात. तो या रानातून कसा उतरवला असेल याचा विचार करत मी दर खेपेला मंडपात बसतो. मंडपात शीर तुटलेला नंदी आहे, छतावर दगडात कोरलेले कमळ आहे, आणि एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती. तो शोधून काढा. देऊळ पूर्वाभिमुख आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातली असंख्य देवळे पडली आणि हे वाचले, याचे कारण हे रानच. इतक्या आत येण्याची तसदी कोणी घेतली नाही.

पूजा आजही चालते, त्यामुळे पायताणे बाहेर काढा आणि गाभाऱ्यात कॅमेरा रोखू नका. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी लोटते. शांतपणे पाहायचे असेल तर तो दिवस सोडून या, उत्सव पाहायचा असेल तर तोच दिवस धरा. देवळामागे नदी वाहते. काठावर बसा, पाण्यात उतरू नका, शेवाळ धरलेले दगड दिसतात त्यापेक्षा निसरडे असतात. संध्याकाळी चार ते साडेपाच या वेळेत काठच्या झाडांवर धनेश येतात. आधी पंखांचा फरफर आवाज ऐकू येतो, पक्षी मागाहून दिसतो.

काळोख पडायच्या आत मोलेत परत या.

दुसरी पहाट

इथे एक निवड करावी लागते. शनिवार-रविवार किंवा सुट्टी असेल तर पहाट जीपला द्या, नाहीतर रांगेत दुपार होते. आडवार असेल तर सहा ते आठ ही वेळ पक्ष्यांना द्या आणि नऊच्या आसपास कुळेत पोचा.

पक्ष्यांसाठी स्थानिक वाटाड्या घ्या. एकटे रानात शिरू नका, परवानगीही नसते. माणूस ओळखीचा असला की फरक किती पडतो ते सांगतो. मी तीन खेपा त्याच वाटेने गेलो होतो. चौथ्या खेपेला सोबतच्या वाटाड्याने एका फांदीकडे बोट दाखवले. सुकलेले पान वाटावे असा मलबारी कर्णा तिथे स्तब्ध बसला होता, छाती मात्र कुंकवासारखी लाल. मी त्याच्याखालून आधी कितीदा गेलो असेन! याशिवाय शेकरू, शीळ घालणारा कस्तूर, हिवाळ्यात नवरंग, आणि गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल. बिबट्या इथे आहे, पण तो दिसेल या आशेने येऊ नका. त्याची विष्ठा किंवा झाडावरचे नखांचे ओरखडे वाटाड्याने दाखवले तरी भाग्य समजा.

गवा पायी चालताना समोर आला तर पळू नका. नजर न रोखता सावकाश मागे सरका आणि त्याला वाट मोकळी करून द्या.

कुळेहून दूधसागर

स्टेशनजवळच्या काउंटरवर जीपची नोंदणी होते. एका जीपमध्ये सात प्रवासी. भाडे गाडीमागे असते, त्यामुळे एकटे-दुकटे असाल तर लवकर पोचून कुठल्या तरी कमी माणसांच्या गटाला विचारा. लोक आनंदाने घेतात. वनखात्याचे प्रवेश शुल्क वेगळे भरावे लागते. लाइफ जॅकेट सक्तीचे आहे, घालूनच पाण्यात उतरा. नोंदणीची पद्धत आणि दर हंगामागणिक बदलतात, तेव्हा मुक्कामाच्या जागी आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. रस्त्यात गाडी अडवून "बुकिंग इथेच होते" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

साधारण दहा-बारा किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे आणि जीप वाटेत नदीचे पात्र ओलांडते. पाणी पायांपर्यंत येते, म्हणून फोन आणि कॅमेरा आधीच प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पाठदुखी असेल तर पुढची जागा मागून घ्या. गरोदर बायांनी हा प्रवास करू नये. जीप थांबते तिथून पुढे दगडगोट्यांतून थोडे चालायचे असते. हे अंतर फार नाही, पण वयस्कर माणसांना आधार लागतो. सोबत काठी असू द्या.

धबधबा चार टप्प्यांत ३१० मीटरवरून उतरतो. खालच्या डोहाशी उभे राहिले की मान पूर्ण वर करावी लागते, आणि मधल्या पुलावरून गाडी जाताना दिसली तर ती खेळण्यातली वाटते. डोहाचे पाणी भर उन्हातही गार असते आणि मध्ये खोल. पोहता येत असले तरी धारेच्या पायथ्याशी जाऊ नका, तिथे पाणी खाली ओढते. माकडे हातातली पिशवी हिसकावतात. खाण्याचे जीपमध्येच ठेवा, आणि त्यांना काही देऊ नका. एकदा दिलेले दहा पुढच्या माणसांना भोवते.

परतीची वेळ चालक सांगतो. ती पाळा, त्याच्यामागे पुढची खेप असते.

रुळांवरून चालत जायचे का?

नाही. कुळे किंवा कॅसलरॉकहून रुळांच्या कडेने दूधसागरला जाण्याची चाल पूर्वी होती, अजून कोणी ना कोणी सांगते. या मार्गावर बोगदे आहेत, वळणे आहेत, आणि उतरणाऱ्या गाडीचा आवाज धबधब्यात बुडून जातो. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वरून धबधबा पाहायचाच असेल तर लोंड्यापर्यंतचे तिकीट काढा आणि खिडकीत बसा.

याच रुळांच्या दुपदरीकरणासाठी, महामार्ग रुंद करण्यासाठी आणि उच्चदाबाच्या वीजवाहिनीसाठी २०२० साली मोलेची झाडे जाणार होती. तेव्हा गोव्यातली तरुण मुले 'आमचे मोले' म्हणत उभी राहिली, चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कुळेच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहून वर रानाकडे पाहताना मला हे दर वेळी आठवते.

तब्येतीचे

डिसेंबर ते मे या काळात गोचिडींपासून जपा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडतापाची साथ आली होती आणि हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो. पॅंट मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, मांड्या, कानामागची जागा तपासा, कपडे लगेच धुवायला टाका. पुढच्या आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. पावसाळ्यात जळवा लागतात. त्यांनी धोका नसतो, मीठ लावले की सुटतात.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर जीपचालकाला किंवा वनरक्षकाला सांगा. मोठे रुग्णालय फोंड्याला, त्याहून मोठे बांबोळीला.

परत निघताना

कुळेहून दुपारी परत आलात की जेवून तीनच्या सुमारास मोले तिठ्यावर उभे राहा. काळोख पडल्यावर बस कमी होतात आणि बेळगावकडून येणाऱ्या बस भरलेल्या असतात. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, कचरा सोबत. फोंड्याची बस उसगाव ओलांडून पुढे गेली की खांडेपारचा पूल लागतो. खिडकीची जागा मिळाली असेल तर तिथे खाली बघा. सकाळी ज्या पाण्यात पाय सोडून बसला होता, ते याच वाटेने येते.